डाव्या हाताचा चाकू

पंपघरातल्या माणसांनी त्या दोघांना नावं ठेवली होती, एक रेडिओ आणि दुसरा घुम्या. रेडिओ कामावर पाऊल ठेवल्यापासून घरी जाईपर्यंत बोलत असे. घुम्या 'हं' म्हणे, फार झालं तर 'बरं' म्हणे. नात्यानं घुम्या हा रेडिओच्या बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हा त्याला ताईनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं, आणि ताईचं लग्न झालं तेव्हा तो जवळजवळ तिच्या मागोमागच सासरी गेला होता. भाऊजींनी त्याला कधी परका मानलं नाही. पंपघरातली नोकरीही त्यांनीच चिकटवून दिली. "बोलत नाही म्हणजे भांडणारही नाही," असं त्यांनी मुकादमाला सांगितलं होतं.

काम नदीच्या काठावर होतं. शहराला लागणारं पाणी जिथून आत ओढलं जाई, तिथं उभे लोखंडी गज बसवले होते. नदी जे काही वाहून आणी ते सगळं त्या गजांना येऊन चिकटे. फांद्या, पोती, फाटक्या चटया, कुणाची तरी चादर, तुटकी बाहुली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नायलॉनचे दोर आणि मासे धरायची जुनी जाळी. ते सगळं लांब आकड्यानं ओढायचं, गुंता असेल तो कापायचा, वर घ्यायचं आणि ढीग घालायचा. गज तुंबले की पंप धापा टाकू लागत आणि मुकादम आतून ओरडे. आकडे, बूट, कमरेचे पट्टे ऑफिसकडून मिळत. चाकू मात्र ज्याचा त्यानं आणायचा.

घुम्याचा चाकू भाऊजींनी दिलेला होता. खरं म्हणजे तो ताईनं पसंत केलेला. दोघं कुठल्याशा लग्नाला परगावी गेले होते, येताना त्याच्यासाठी घेऊन आले. घडीचा, गुळगुळीत लाकडी मुठीचा, मुठीत पितळेची बारीक फुलं ठोकलेली. हातात घेतला की सोडावासा वाटत नसे. पण कामाला तो अगदीच लेचापेचा होता. पातं पातळ, सांधा सैल. ओल्या दोराशी झटापट सुरू झाली की पातं डुगडुगायचं. घुम्याला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण नवा घेतला तर भाऊजींना वाटेल, दिलेलं आवडलं नाही, ताईला तर वाटेलच वाटेल. तो रोज सांध्याला तेल घाली, पात्याला दगडावर धार लावी आणि काम भागवून नेई.

नदीला पाणी चढलेलं होतं त्या दुपारी एक अख्खं खोड गजांवर येऊन आदळलं. त्याच्याभोवती जाळं गुंडाळलेलं, जाळ्याच्या कडेचा दोर मनगटाएवढा जाड. पंपांचा आवाज बदलला. भाऊजी शिडीनं खाली उतरले, शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहून आकडा टाकू लागले. तोंड सुरूच होतं. "हे खोड नाही रे, हत्ती आहे हत्ती. सोंड कुठाय बघ." खोडानं एक वळसा घेतला. जाळ्याच्या दोराचा फास त्यांच्या पायात बसला आणि ते छातीपर्यंत पाण्यात ओढले गेले.

घुम्या शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. भाऊजींनी दोन्ही हातांनी शिडी कवटाळली होती. दोर त्यांच्या बाजूनं तारेसारखा ताठ झाला होता. घुम्यानं चाकू उघडला आणि दोरावर घासायला सुरुवात केली. दोर ओला, शेवाळलेला, पातं वरच्यावर निसटत होतं. भाऊजी म्हणाले, "घाई नको. नीट काप." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "जमतंय, जमतंय." दोर अर्ध्याच्या आसपास कापला गेला होता. उरलेले पीळ वरून तुटेनात, म्हणून घुम्यानं पात्याचं टोक त्यांच्या खाली घातलं आणि वर उचकटलं. पात्याच्या पाठीवर जोर आला आणि पातं मिटलं. त्याच्याच बोटांवर मिटलं.

दुखल्याचं त्याला कळलंही नाही. चाकू पुन्हा उघडायला गेला तर उजवा हात ऐकेना. मूठ रक्तानं बुळबुळीत झाली आणि चाकू सटकून पाण्यात गेला. तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडला असेल. आतून माणसं धावली, पंप बंद झाले, कुणी कुऱ्हाड आणायला शेडकडे पळालं. तेवढ्यात खोडानं दुसरा वळसा घेतला.

भाऊजींचे हात शिडीवरून सुटले तेव्हा घुम्याचा डावा हात त्यांच्या सदऱ्यात होता. सदऱ्याची कॉलर त्याच्या हातात राहिली.

दवाखान्यात बोटं शिवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं कापलं? घुम्या म्हणाला, "जाळ्यातल्या तारेनं." पुढे चौकशीला आलेल्या साहेबांनाही त्यानं तेच सांगितलं. ताईलाही तेच सांगितलं. चाकू पाण्यात पडला हे खरं होतं, तेवढं त्यानं सांगितलं. कसा पडला ते सांगितलं नाही. ताई त्या वेळी काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हती. ती भिंतीला टेकून बसायची आणि घरात कुणी शिरलं की दाराकडे बघायची, एवढंच.

बोटं जुळली, पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं काठीसारखी सरळच राहिली. मुठीत वळेनात. ऑफिसनं माणुसकी दाखवली. साहेब म्हणाले, "आत वॉल्व्हच्या खोलीत या. चाकं फिरवायची आणि खुर्चीवर बसायचं. नदीकडे बघायलाही नको."

घुम्या म्हणाला, "मी बाहेरच बरा."

घरी बायको त्याच्यावर कडाडली. "ज्या जागी माणूस गेलं तिथंच परत उभं राहायचंय? डोकं ठिकाणावर आहे का?"

"कुणाला तरी उभं राहावंच लागणार."

"मग तुम्हीच का?"

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं, पण ते द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो उठून अंगणात गेला आणि डाव्या हातानं आकडा धरायचा सराव करू लागला. झाडूच्या दांड्याला खिळा ठोकून त्यानं आकडा केला होता. बायको दारात उभी राहून बघत राहिली. मग तिनंच येऊन दांड्याला चिंधी गुंडाळून दिली, डावा तळहात सोलवटला होता म्हणून.

आकडा जमला. आता प्रश्न चाकूचा उरला. डाव्या हातानं, एकट्या अंगठ्यानं उघडता येईल असा चाकू हवा होता. ही गोष्ट बायकोच्या तोंडून ताईच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी ताई चपला घालून दारात हजर.

"चल. चाकू घ्यायचाय ना? मी येते."

"तू कशाला? मी बघतो."

"तू काय बघणार? दुकानात गेलास की पहिली वस्तू उचलून 'बरं' म्हणतोस आणि येतोस. लहानपणी चपला घ्यायला नेलं तर चावणाऱ्या चपला घेऊन आला होतास."

कितीतरी दिवसांनी ताई अशी बोलत होती. त्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

दुकान दोर, साखळ्या आणि कप्प्या विकणाऱ्यांच्या गल्लीत होतं. आत लोखंडाचा आणि ग्रीसचा वास. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि वस्तू विकण्यापेक्षा माणसाला प्रश्न विचारण्याची हौस जास्त.

"चाकू? काय कापायचं?"

"दोर."

"कोरडा की ओला?"

"ओला. जाळी, पोती, सगळंच."

"रोज?"

"रोज."

"कुठल्या हातानं?" आणि त्याच वेळी त्याची नजर घुम्याच्या उजव्या हाताकडे गेली. त्यानं खाली वाकून दोन-तीन खोकी वर घेतली.

पहिला चाकू निघाला तो चकचकीत, त्यातून कात्री निघे, कानस निघे, दात कोरायची काडी निघे. "हा आहेरात द्यायला बरा," दुकानदार म्हणाला, "कामाला नको. दहा कामं येणाऱ्याला एकही धड येत नाही." मग त्यानं जाड पात्याचा एक काढला. पातं पोलादी, धार छान टिकते, पण पाण्यात राहिला तर गंज धरणार. दुसऱ्याचं पातं गंजणारं नव्हतं. धार जरा लवकर उतरते, पण लवकर लागतेही. "रोज पाण्यात हात असेल तर हाच. धार लावायचा आळस नाही ना?"

"नाही."

"मग टोक बोथट घ्या. दोर माणसाच्या अंगाला लागून असला तर टोकेरी पातं त्यालाच घुसायचं."

घुम्यानं मान खाली घातली. ताई शेजारच्या फळीवरच्या वस्तू बघत होती.

दुकानदार रंगात आला होता. आता त्यानं लॉक दाखवायला घेतलं. एका चाकूत मुठीच्या आतून पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडके. चांगली होती, पण ती दाबून चाकू मिटवायला उजवा अंगठा लागे. दुसऱ्यात मुठीच्या पाठीवर खटका होता, तो कुठल्याही हाताला चाले. दुकानदारानं चाकू उघडला आणि पात्याची पाठ लाकडी काउंटरवर टण्णकन आपटली. पातं जागचं हललं नाही. "हे बघायचं असतं. धार काय, सगळ्यांनाच असते. पाठीवर मार बसला की कोण टिकतं ते बघायचं."

तेवढ्यात ताईनं फळीवरून काहीतरी उचललं. लाकडी मूठ, मुठीत पितळेची फुलं. हुबेहूब तसाच.

"आणि हा?" तिनं विचारलं.

दुकानदारानं ओझरतं बघितलं. "तो फळं कापायचा, बाई. दिसायला देखणा. त्याला लॉक नसतं. दोरावर घातला आणि जरा उलटा जोर बसला तर मिटतो, बोटं घेऊन जातो. हे बघा." त्यानं तिच्या हातातून चाकू घेतला, उघडला आणि पात्याच्या पाठीवर दोन बोटांनी दाबलं. पातं चट्कन मिटलं.

घुम्याचा उजवा हात आपोआप मागे गेला. पाठीशी लपवावा तसा. एवढंच झालं. दुकानदाराच्या ध्यानातही आलं नाही. पण ताई त्याच्याकडेच बघत होती.

पाठीवरच्या खटक्याचा, बोथट टोकाचा, पात्याला दोन्ही बाजूंनी घुंडी असलेला चाकू तिनं घुम्याच्या डाव्या हातात दिला. "उघड." त्यानं अंगठ्यानं घुंडी रेटली, पातं उघडून खटकन बसलं. "पुन्हा." त्यानं पुन्हा केलं. "हाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. आवाज कोरडा होता. दुकानदारानं चाकू बांधायला घेतला तेव्हा तिनं तो लाकडी मुठीचा चाकू उचलून फळीवर होता तिथं, होता तसा, नीट ठेवला.

गल्लीच्या तोंडाशी बसचा थांबा होता. बाकावर दोघं बसली. एक बस आली आणि गेली. ताई उठली नाही.

"तुझी बोटं कशानं कापली?"

"तारेनं. सांगितलं होतं ना."

"अरे, बोल की रे. जन्मभर तोंडाला कुलूप लावून राहिलास. आता माझ्याशीसुद्धा?"

समोरून हातगाड्या जात होत्या. एका गाडीवर दोराची मोठमोठी वेटोळी होती. ती गाडी पार पुढे जाईपर्यंत घुम्या तिकडे बघत राहिला.

"पातं मिटलं," तो म्हणाला. "अर्ध्यापेक्षा जास्त कापून झालं होतं. मी घाई केली. भाऊजी नको म्हणत होते घाई."

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मीच घेतला होता तो. त्यांना चाकूतलं काय कळत होतं? मूठ आवडली मला. किती छान फुलं आहेत म्हटलं."

"ताई, तुला काय ठाऊक असणार?"

"तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण एक गाठ सुटली होती, आता दुसरी धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. "होतं. पहिल्यापासून. सैलच होता. म्हटलं, नवा घेतला तर तुम्हाला वाईट वाटेल."

ताई हसली. ते हसू बघून घुम्याला धडकी भरली. "त्यांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "एकदा जेवताना म्हणाले, तुझा चाकू अगदीच कुचकामी निघाला गं, पण तुझा भाऊ त्याला देव्हाऱ्यातल्या देवासारखा जपतो. दुसरा आणून दिला तर बिचारा हिरमुसेल. मी म्हटलं, राहू दे मग. मीच म्हटलं, राहू दे."

घुम्या चाकूचं पुडकं मांडीवर फिरवत राहिला.

"भीड भिकेची बहीण, म्हणायची आई," ताई म्हणाली. "नुसत्या भिकेची असती तर..." वाक्य तिनं सोडून दिलं. मग ती एकदम उठली आणि बसची वाट न बघता चालू लागली. तो मागोमाग निघाला तर वळून म्हणाली, "आज नको येऊस माझ्याबरोबर."

त्यानंतर ताई बरेच दिवस त्याच्याकडे आली नाही. तो गेला तर भाची दार उघडत असे आणि सांगे, आई झोपलीय. आतून शिलाई मशीनचा आवाज येत असे. भाची ओशाळून जमिनीकडे बघे. घुम्या उंबऱ्याबाहेरूनच "बरं" म्हणे आणि माघारी फिरे. ती आपल्यावर रागावलीय की स्वतःवर, की गेलेल्या माणसावर, ते त्याला कळत नव्हतं. बहुधा तिलाही कळत नसावं. बायको म्हणायची, "सांगितलंत कशाला? झाकली मूठ राहिली असती." सांगून बरं झालं असं त्याला वाटत नव्हतं, आणि न सांगता राहायला हवं होतं असंही नाही.

तो कामावर परत गेला. पहिले काही दिवस नदी गरीब होती. पाला, पिशव्या, तेवढंच. मग एका सकाळी दोर आला. तसाच, मनगटाएवढा जाड, हिरवट, गजांत पार रुतलेला. बरोबरचा माणूस कुऱ्हाड आणायला निघाला. घुम्यानं त्याला हातानं थांबवलं, पट्टा कठड्याला अडकवला आणि खाली उतरला. डाव्या अंगठ्यानं चाकू उघडला. खटका बसला. त्यानं दोराखाली पातं घातलं आणि वर ओढलं.

दोर कापला गेला. दोन ओढींत. आधी कधी कापला नव्हता इतका सहज. सुटलेली टोकं प्रवाहात एकदा वळवळली आणि निघून गेली.

बरोबरचा माणूस वरून "शाब्बास!" म्हणाला. घुम्या वर आलाच नाही. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला, चाकू तसाच उघडा हातात. दवाखान्यात, चौकशीत, भाऊजींना स्मशानात पोचवून आल्यावर, कुठंच त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता त्याला आवरेना. दोन ओढी. एवढंच काम होतं ते. बूट पाण्यात, नाक गळतंय, खांदे गदगदताहेत, आणि वर पंप आपले सुरळीत चाललेले. बरोबरचा माणूस समजूतदार होता. तो पाठ फिरवून ढीग सारखा करत राहिला.

त्या संध्याकाळी घुम्या घरी न जाता ताईकडे गेला. भाचीनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "झोपली असली तरी उठव." ताई मशीनवरच होती. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, "आज तसाच दोर होता. कापला." ताईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. म्हणाली, "बस." पाण्याचा तांब्या पुढे केला. तो बसला. तिनं उरलेली शिवण पुरी केली, दोरा दातानं तोडला. त्या दिवसापासून येणं-जाणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. ती त्याची चेष्टा करेनाशी झाली. कुणी काही भेट दिली की दोघंही गप्प होत.

वर्षं गेली. बाहेरच्या कामावर एक नवा माणूस बदलून आला, चांगला चाळिशीचा, बायकापोरांचा. पहिल्याच दिवशी घुम्यानं त्याला सांगितलं, "चाकू दाखव." माणसानं खिशातून काढला. घुम्यानं उघडला, पात्याच्या पाठीवर अंगठा दाबला. मिटला.

"हा टाक."

"टाक काय? सासऱ्यांनी दिलाय मला. हौसेनं दिलाय."

"सासरे चांगले असतील. चाकू वाईट आहे."

"तुम्ही कोण हो सांगणार? आल्या आल्या माणसाचा अपमान?" माणूस लालबुंद झाला. आतली मंडळीही बाहेर येऊन बघू लागली, कारण घुम्याला एका दमात इतकं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"दुसरा आणेपर्यंत शिडी उतरायची नाही," घुम्या म्हणाला. "सासऱ्यांना माझं नाव सांग. म्हणावं, एक उद्धट माणूस आहे, त्यानं वापरू दिला नाही."

माणूस दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. डबाही लांब जाऊन एकट्यानं खाल्ला. सुट्टी झाली तेव्हा सायकल काढता काढता तो आपल्याशीच काहीतरी पुटपुटला, शिवीच असावी, आणि मान न वळवता निघून गेला. घुम्या फाटकाशी उभा राहून त्याला जाताना बघत राहिला. माणूस रागात होता, पायडल जोरजोरात मारत होता, आणि घरी चालला होता.